मुलाच्या मेंदूची दुर्बिणीची शस्त्रक्रिया: भुलीची तयारी घरापासून ओटीपर्यंत

मी मुलांना भूल देणारी डॉक्टर. सकाळी साडेसातला ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराशी आईवडिलांशी माझं बोलणं होतं, त्यात एक वाक्य हमखास येतं. "मॅडम, दुर्बिणीनेच तर करणार आहेत, छोटंसं भोक." त्यापाठोपाठ कळतं की पहाटे पाचला बाळाला वाटीभर पेज भरवली आहे. नाहीतर फिटचं औषध "आज उपाशी ठेवायचंय ना" म्हणून दिलेलंच नाही. मग शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते आणि पालघरहून किंवा कर्जतहून रात्रीच येऊन राहिलेलं कुटुंब रडवेलं होतं.

छिद्र लहान असतं, भूल मात्र पूर्ण असते. डोक्यात पाणी साचलेल्या मुलांची ईटीव्ही नावाची शस्त्रक्रिया घ्या. शाळेतल्या पेन्सिलीएवढ्या जाडीची दुर्बीण मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत जाते आणि पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला नवी वाट करून देते. त्या तळाच्या अगदी पलीकडून मेंदूची एक मोठी रोहिणी गेलेली असते आणि तहान, ताप, लघवी यांवर ताबा ठेवणारा भाग त्याला लागूनच असतो. मूल खोकलं किंवा एक बोटभर हललं तरी चालत नाही. म्हणून श्वासनलिकेत नळी, यंत्राने श्वास आणि पूर्ण भूल.

पुढचं सगळं ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी आहे. मूल अचानक झोपाळलं, सारखं उलट्या करू लागलं तर यातलं काही पाहत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत या.

१. भुलीच्या तपासणीला येताना

भुलीची तपासणी म्हणजे सही-शिक्क्याचं काम नव्हे. फिटनेसचा कागद मिळवायला एकट्या काकांना पाठवतात, तेव्हा मला काहीच कळत नाही. मूल हवं आणि त्याला रोज भरवणारं, औषध देणारं माणूस हवं. बहुतेक घरांत ती आई असते, काही घरांत आजी.

सोबत आणायचं ते असं: एमआरआय किंवा सीटीच्या फिल्म आणि रिपोर्ट, आधीच्या प्रत्येक ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, आणि चालू असलेल्या प्रत्येक औषधाची बाटली किंवा पाकीट. "पांढरं सिरप, दिवसातून दोनदा" एवढ्यावरून काही समजत नाही. बाळघुटी, काढा, ग्राइप वॉटर, वैद्यांची पुडी यांनाही औषधच धरा आणि सांगा. कुणी रागावणार नाही.

वजन त्याच दिवशी, कपडे उतरवून, काट्यावर करून घ्या. मुलांची प्रत्येक औषधाची मात्रा किलोवर बेतलेली असते. सहा किलोच्या बाळाच्या अंगात साधारण ४८० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे दुधाच्या अर्धा लिटरच्या पिशवीपेक्षाही थोडं कमी. एवढ्या लहान हिशेबात "गेल्या महिन्यात आठ किलो होता" हे उत्तर चालत नाही.

मी काय विचारते ते आधीच सांगते, म्हणजे घरी आठवून ठेवाल. जन्म किती महिन्यांचा? काचेच्या पेटीत ठेवलं होतं का? शेवटची फिट कधी आली? झोपेत घोरतं का, श्वास अडकतो का? दूध पिताना ठसका लागतो का? घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, म्हणजे अंग तापलं, किंवा भूल उतरायला फार वेळ लागला, व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं? मामा, आत्या, चुलतभाऊ, सगळे आठवा. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दात हलतो का, हेही सांगा. नळी घालताना तो पडून श्वासमार्गात जाऊ शकतो.

एक प्रश्न लोकांना निरर्थक वाटतो: फुगा फुगवल्यावर ओठ सुजतात का? पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगामुळे आधीच दोन-तीन शस्त्रक्रिया झालेली सहा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. सगळं विचारून झालं, फाइल मिटली, आणि आई उठता उठता म्हणाली, "वाढदिवसाला हिला फुगे देत नाही आम्ही, तोंडावर गांध्या उठतात." मी त्यांना परत बसवलं. ती रबराची, लॅटेक्सची ॲलर्जी होती. आम्ही हातमोज्यांपासून नळ्यांपर्यंत सगळं लॅटेक्स नसलेलं मागवलं आणि तिला यादीत पहिली घेतली, कारण सकाळी हवेत हातमोज्यांची भुकटी नसते. पाठीच्या व्यंगाची आणि वारंवार शस्त्रक्रिया झालेली मुलं यात जास्त सापडतात. केळं किंवा किवी खाऊन तोंडाला खाज सुटत असेल तर तेही सांगा.

तपासा: निघताना कागदावर तीन गोष्टी लिहून घेतल्या का? कोणतं औषध सकाळी द्यायचं, कोणतं बंद करायचं, आणि किती वाजल्यापासून काय खायचं नाही. तोंडी ऐकलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं.

२. शेवटचा आठवडा

सर्दी लपवू नका. तारीख हातची जाईल या भीतीने आदल्या रात्री कफ सिरप पाजून मूल आणलं जातं. सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते, नळी घालताना आणि काढताना ती घट्ट आवळते आणि प्राणवायू खाली येतो. शिवाय बऱ्याच सर्दीच्या औषधांनी झोप येते आणि मग मूल मेंदूतल्या दाबामुळे गुंगलंय की औषधामुळे, हे आम्हाला ओळखता येत नाही. नाक नुसतं वाहतंय, ताप नाही, मूल खेळतंय, तर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया होते. ताप, हिरवा-पिवळा कफ, छातीत घरघर असेल तर दोन ते चार आठवडे थांबायचा विचार होतो. पण मेंदूतला दाब थांबू देणार आहे का, हे आम्ही आणि सर्जन मिळून ठरवतो. तुमचं काम फक्त फोन करून कळवणं.

फिटचं औषध एकही दिवस चुकवायचं नाही. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर ते मनाने अचानक बंद करायचं नाही, शरीराची ताण सोसायची ताकदच त्याने जाते. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन असलेलं काही पोटात गेलं असेल तर सांगा, रक्त थांबण्यावर त्यांचा परिणाम होतो.

याच आठवड्यात लस देणार असाल तर आधी विचारा. लशीमुळे दोन-तीन दिवस ताप येऊ शकतो आणि तो लशीचा की जंतुसंसर्गाचा, हा घोळ ऑपरेशनच्या सकाळी नको.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून खर्च करायचा असेल तर रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला आजच भेटा. मंजुरीचे कागद अडकले म्हणून ऐन सकाळी उपाशी मूल कडेवर घेऊन खिडक्यांपुढे उभे राहिलेले वडील मी पाहिले आहेत.

३. आदला दिवस

शक्य असेल तर आदल्या दिवशी भरतीच व्हा. सकाळी यायचं ठरलं असेल तर मेगाब्लॉक आणि पाऊस दोन्ही धरून निघा. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं की परळच्या रुग्णालयांत पोचायला किती वेळ लागतो, हे मुंबईकरांना सांगायला नको.

डोक्याला तेल लावायचं नाही. तान्ह्या बाळाची टाळू भरायची सवय असते, आज नाही. तेलकट त्वचेवर निर्जंतुक करायचं औषध नीट बसत नाही, चिकटपट्टीही सुटते, आणि नळी त्या चिकटपट्टीवरच धरून ठेवलेली असते. रात्री साबण-शाम्पूने डोक्यावरून आंघोळ घाला.

घरी वस्तऱ्याने केस काढू नका. न दिसणाऱ्या बारीक चिरांमधून जंतू शिरतात. लागतील तेवढे केस ओटीत मशीनने काढले जातात. जावळ अजून काढलेलं नसेल आणि घरच्यांची इच्छा असेल तर ते आधी सांगा. एका आजीने मला हात जोडून विचारलं होतं की कापलेले केस मिळतील का. आम्ही ते स्वच्छ पाकिटात घालून दिले. विचारायला संकोच करू नका.

काजळ लावू नका, डोळ्यात नाही आणि गालावर तीटही नाही. भुलीत असलेल्या मुलाच्या मेंदूची खबर देणाऱ्या थोड्या खुणांपैकी एक म्हणजे डोळ्यातली बाहुली. ती आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. नखांना रंग किंवा बोटांना मेंदी नको, प्राणवायू मोजणारा चिमटा तिथेच लागतो. करगोटा, ताईत, वाळे, कानातलं सगळं घरी काढा. रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात, त्यात अंगावरच्या धातूमुळे त्वचा भाजू शकते. ताईत काढणं जिवावर येतं, हे मी जाणते. तो तुमच्या हातात घेऊन बाहेर बसा.

४. उपाशी ठेवणं: सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

भूल दिल्यावर घशाची राखण थांबते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. मेंदूत दाब वाढलेल्या मुलांना आधीच मळमळ असते, त्यामुळे त्यांच्यात हा धोका अधिक.

सर्वसाधारण अंतरं अशी: तळलेलं, तुपकट, मटण-चिकन यांना ८ तास. साधं हलकं जेवण, गाई-म्हशीचं दूध आणि डब्याचं दूध यांना ६ तास. आईच्या दुधाला ४ तास. पाण्याला २ तास. काही रुग्णालयांत पाणी एक तास आधीपर्यंतही देतात. तुमच्या कागदावर जे लिहिलंय तेच खरं मानायचं.

सकाळी ८ ची वेळ असेल तर घड्याळ असं लावा:

रात्री ९ पर्यंत जेवण. वरणभात, मऊ खिचडी. "उद्या उपाशी राहायचंय बिचाऱ्याला" म्हणून वडापाव, पनीर, बिर्याणी नको.
रात्री ११ ला हवं तर दूध. बाटलीवरच्या बाळाला शेवटचं दूध २ च्या आत संपलेलं हवं.
पहाटे ४ च्या आत अंगावरचं शेवटचं पाजणं. गजर लावा. झोपेत बाळ आपोआप अंगाला लागतं, म्हणून चारनंतर त्याला आजीजवळ किंवा बाबांजवळ निजवा.
पावणेसहाला उठवून पाणी द्या, सहाला थांबा. सकाळचं फिटचं औषध याच पाण्यासोबत. गोळी ठरल्या वेळीच द्यायची असेल तर सहानंतरही एक घोट पाण्यासोबत चालते, पण नर्सना सांगून.

पाणी म्हणजे ज्याच्या आरपार दिसतं ते. साखरेचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, मलई नसलेलं गाळलेलं नारळपाणी. पेज पाणी नव्हे. वरणाचं पाणी, ताक, नाचणीचं सत्व, दुधाचा चहा हेही पाणी नव्हे. बिस्किट तर नाहीच. वॉर्डात शेजारच्या खाटेवरची मावशी मूल रडतंय म्हणून पार्ले-जी हातात देते, तिच्या मनात मायाच असते. खाटेला "एनबीएम" ची, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही अशी, पाटी लावून घ्या आणि आजूबाजूच्या तिघांना सांगून ठेवा. मोठ्या भावंडाच्या खिशातलं चॉकलेटही तपासा.

याच्या उलट चूकही तितकीच वाईट. दुपारची वेळ मिळालेल्या बाळाला रात्रीपासून कोरडं ठेवतात. तान्ह्या बाळाची साखर उतरते, अंगातलं पाणी कमी होतं, शीर सापडत नाही आणि भूल देताच रक्तदाब घसरतो. यादी पुढे सरकली की लाजू नका, दर दोन तासांनी नर्सना विचारा: "आता पाणी देऊ का? की सलाईन लावणार?"

सावधान: चुकून काही खाल्लं गेलं तर सांगा. काय, किती, किती वाजता. जास्तीत जास्त तुमचा क्रम मागे जाईल. लपवलेलं अर्धं बिस्किट मला मुलाच्या घशात, नळी घालायच्या दुर्बिणीच्या प्रकाशात दिसतं, आणि तोवर भूल दिलेली असते.

५. ओटीच्या दारात

बाकी लहान शस्त्रक्रियांना जाताना मुलांना आधी गुंगीचं सिरप मिळतं. "याला का नाही दिलं?" असं विचारतात. गुंगीत श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आधीच वाढलेला दाब आणखी वाढतो. म्हणून दाब असलेल्या मुलाला आम्ही ते सहसा टाळतो. त्या जागी तुम्ही लागता. मुलाची आवडती चादर, मऊ खेळणं, मोबाइलवरचं रोजचं गाणं आणा. सुईच्या जागी बधिर करणारं मलम लावायचं असेल तर ते तासभर आधी लागतं, वॉर्डात आठवण करा.

मुलाला खोटं सांगू नका. "आपण फिरायला चाललोय" म्हणून आणलेलं मूल मास्क पाहताच किंचाळतं, आणि किंचाळण्याने दाब वाढतो. "डॉक्टरकाकू फुग्यात फुंकायला सांगणार, मग झोप येणार, उठशील तेव्हा आई जवळ असेल" एवढं पुरतं. मुलाला भूल चढेपर्यंत आईला थांबू दिलं तर त्याचे डोळे वर फिरलेले, हातपाय थोडे हललेले दिसतील. भुलीचा तो एक टप्पाच आहे.

तपासा: मनगटावर नावाची पट्टी, ॲलर्जीची नोंद, शेवटच्या खाण्याची वेळ. ही वेळ तुम्हाला तीन वेगवेगळी माणसं विचारतील. तिघांनाही तेच उत्तर द्या.

६. आत काय चालतं

दुर्बिणीचं काम अर्ध्या-पाऊण तासात होऊ शकतं, पण सलाईन, नळी, डोक्याची मांडणी, निर्जंतुकीकरण आणि जागं करणं धरून मूल दोन-अडीच तास आत राहतं. तासाभरातच बाहेर "काहीतरी बिनसलं" अशी कुजबुज सुरू होते, म्हणून हे आधी सांगितलं.

दुर्बिणीतून स्पष्ट दिसावं म्हणून अंगाच्या उष्णतेएवढं कोमट रिंगर लॅक्टेट सतत आत सोडतात आणि तेवढंच बाहेर यावं लागतं. कवटी बंद डबी आहे. बाहेरची वाट क्षणभर अडली तर काही सेकंदांत दाब चढतो. मला तो आधी ऐकू येतो: मॉनिटरवरची हृदयाच्या ठोक्यांची टिकटिक एकदम संथ होते. मी "पाणी बंद" म्हणते, सर्जन हात थांबवतात, वाट मोकळी करतात, आणि टिकटिक पुन्हा पळू लागते. बहुतेक वेळा औषध लागतही नाही. एवढ्यासाठी मी ते दोन तास मुलाच्या उशापाशी असते आणि नजर त्या पडद्यावर असते.

भुलीने मुलाच्या बुद्धीवर परिणाम होतो का, हे सगळेच विचारतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त किंवा वारंवार भूल देण्याबाबत इशारा दिला. हर्नियासाठी एकदाच, साधारण तासाभराची भूल मिळालेल्या तान्ह्या मुलांची पाचव्या वर्षी तपासणी केली, त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात (२०१९) बुद्धिमत्तेत फरक आढळला नाही. डोक्यातला दाब मात्र मेंदूला रोज इजा करतो. या कारणाने शस्त्रक्रिया लांबवणं मला कधीच पटलं नाही.

७. जागं होताना

पहिली दहा-वीस मिनिटं मूल आईलाही ओळखत नाही, हात झिडकारतं, पाठ उंचावून रडतं. वायूच्या भुलीनंतर असं होतं आणि ते ओसरतं. गदागदा हलवू नका, हाक मारत बसू नका, हात धरून हळू बोला. आधी नीट जागं झालेलं मूल पुन्हा झोपाळू लागलं, उलट्या वाढल्या किंवा एका बाजूचा हात कमी हलू लागला तर लगेच नर्सना बोलवा.

लंगोट फेकू नका. आयसीयूत ते वजन करून लघवी मोजतात. शस्त्रक्रिया तहान-लघवीच्या केंद्राशेजारी होते, त्यामुळे अचानक खूप लघवी आणि न भागणारी तहान ही महत्त्वाची खूण असते. "बदलला आणि टाकला" म्हटलं की आमचा हिशेब तुटतो.

डोक्यातून बाहेर नळी ठेवली असेल तर तिची बाटली मुलाच्या कानाच्या पातळीशी जुळवलेली असते. मूल उचललं, खाटेची उशाकडची बाजू वर केली, की पातळी बिघडते आणि पाणी एकदम जास्त वाहून जातं. दूध पाजायलाही उचलू नका. आधी नर्स नळी बंद करतील, मग उचला, मग पातळी पुन्हा लावून त्या उघडतील. याच क्रमाने, प्रत्येक वेळी. भेटायला आलेल्या नातेवाइकांनाही हे सांगा, खाटेचा दांडा फिरवणारे बहुतेक तेच असतात.

८. घरी गेल्यावर

पॅरासिटामॉलची बाटली नीट वाचा. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५०. सिरपसाठी लिहिलेले ५ मिलिलिटर कुणी थेंबांच्या बाटलीतून दिले तर औषध दुपटी-चौपटीने जातं. केमिस्टने बाटली बदलून दिली तर डॉक्टरांना फोन करून मात्रा पुन्हा विचारा.

टाके निघून सर्जन हो म्हणेपर्यंत डोक्याला तेल, हळद, भस्म काही नाही. जखमेतून पाण्यासारखं गळालं, उशी ओली दिसली, तर त्याच दिवशी दाखवा.

ईटीव्हीची वाट नंतरही बंद होऊ शकते, क्वचित काही वर्षांनीही, आणि तेव्हा मूल झपाट्याने खालावतं. सकाळी डोकेदुखी आणि उलटी, टाळू फुगलेली, डोळे खाली वळलेले, जास्त झोप, हाक मारल्यावर उशिरा उत्तर, यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. डिस्चार्ज कार्ड आणि शेवटची फिल्म दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगून ठेवा. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हे: "याची ईटीव्ही झालेली आहे." वाटेत मूल मागेल तरी खायला देऊ नका, पुन्हा भूल लागू शकते. शेवटचं कधी आणि काय खाल्लं, ते गाडीत बसतानाच मोबाइलवर टिपून घ्या.